युरोपचा निविदा कायदा हरलेल्या ठेकेदारांनी घडवला आणि तेच योग्य झालं: तुमचं मत काय?

रानजाई

नेदरलँड्समध्ये एका अभियांत्रिकी कंपनीच्या निविदा विभागात मी काम करते. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने विचारलं, "काम आपल्याला मिळाल्याचं पत्र आलं, माणसं तयार, यंत्रं तयार, मग सही करायला दहा दिवस कशाला थांबायचं?" मी त्याला ऑस्ट्रियाच्या महामार्गांची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगते, कारण तिच्यावरून मला एक मत मांडायचं आहे.

१९९६ मध्ये ऑस्ट्रियाच्या केंद्र सरकारने महामार्गांवर माहिती पाठवण्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवायला निविदा काढली. ५ सप्टेंबरला एका कंपनीला काम दिलं आणि त्याच दिवशी करारावर सहीही उरकली. बाकीच्यांना ही बातमी वर्तमानपत्रांतून कळली. तक्रार करायला गेले तर उत्तर मिळालं की करार झाला, आता फार तर नुकसानभरपाई मागा. म्हणजे तक्रारीचा हक्क कागदावर होता, पण तो वापरायची वेळ येण्याआधीच संपलेला असायचा. अल्काटेल आणि इतर काही कंपन्यांनी ही बाब धसाला लावली. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं की काम कोणाला द्यायचं हा निर्णय आणि करारावरची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीला आव्हान देता आलं पाहिजे आणि गरज पडली तर ती रद्दही करता आली पाहिजे. तेव्हाच्या निर्देशात (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी पाळायचा युरोपीय संघाचा कायदा) दहा दिवसांचा एक शब्द नव्हता. हरलेल्याला तक्रार करायला वेळ मिळावा म्हणून सहीआधी थांबायचे ते किमान दहा दिवस २००७ च्या निर्देशात आले, म्हणजे निकालानंतर आठ वर्षांनी.

असंच बाकीचंही आहे. इटलीत रेज्जो एमिलिया परिसरातल्या व्हियानो नावाच्या लहान गावाने आपल्या इमारती गरम ठेवण्याचं काम निविदा न काढता एका संस्थेला दिलं. आजूबाजूच्या नगरपालिकांनी मिळूनच ती संस्था काढली होती आणि व्हियानोही तिची सभासद होती. टेकाल नावाच्या खासगी कंपनीने तक्रार केली. त्यातून १९९९ चा निकाल आला: त्या संस्थेवर तुमचं नियंत्रण स्वतःच्या खात्यावर असावं तसं असेल आणि तिचं बहुतेक काम तुमच्यासाठीच असेल, तर निविदेची गरज नाही. आज युरोपभर कचरा, पाणी, बस, रुग्णालयांचं धुलाईकाम यांतलं कितीतरी याच कसोटीवर चालतं. आणि ही कसोटी कुठल्याही संसदेने सुचवलेली नव्हती.

हेलसिंकीच्या बसची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. शहराने बससेवेच्या निविदेत कमी धूर आणि कमी आवाज यांना जादा गुण ठेवले. नायट्रोजन ऑक्साइड ठरावीक मर्यादेखाली असेल तर गुण, आवाज ७७ डेसिबलखाली असेल तर गुण. काम शहराच्याच बस उपक्रमाला मिळालं. हरलेली कंपनी म्हणाली, हे गुण मिळवण्यासारख्या वायूवर चालणाऱ्या बस शहराच्या उपक्रमाकडेच आहेत, शिवाय धुराचा आणि खरेदीच्या फायद्याचा संबंध काय? २००२ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. निकष पैशातच मोजता यावा असं नाही. पण तो खरेदीच्या विषयाशी जोडलेला हवा, निविदेत आधी लिहिलेला हवा, अधिकाऱ्याला मनमानी करता येईल इतका मोकळा नको आणि कोणाविरुद्ध भेदभाव करणारा नको. कंपनी हरली, पण तिच्या तक्रारीमुळे युरोपातल्या प्रत्येक शहराला पर्यावरणाचे गुण ठेवायचा मार्ग कळला.

माझं मत सरळ आहे. निविदेत नेमकं कुठे दुखतं हे त्या निविदेत पोळलेल्यालाच कळतं. ब्रुसेल्समध्ये बसून मसुदा लिहिणाऱ्याला ऑस्ट्रियाची एका दिवसातली सही सुचली नसती. म्हणून आधी वाद, मग निकाल, आणि तो मुरल्यावर कायद्याचं कलम, हा क्रम मला उलटा वाटत नाही. तोच बरोबर वाटतो. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

गोदाकाठ

मला पटत नाही, आणि का ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतो. मी जर्मनीत एका जिल्ह्याच्या कचरा व्यवस्थापनात अकरा वर्षं काढली. रानजाईताई निविदा भरतात, आम्ही काढायचो.

तुमच्या गोष्टींत निकाल लागला की गोष्ट संपते. आमची तिथे सुरू व्हायची. टेकालने सांगितलं, "स्वतःच्या खात्यासारखं नियंत्रण". छान वाटलं ऐकायला. पण जर्मनीत कितीतरी नगरपालिकांच्या कंपन्यांत खासगी भागीदार होता, कोणाकडे पाव हिस्सा, कोणाकडे निम्मा. मग नियंत्रण आहे की नाही? सहा वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं. २००५ मध्ये हाले शहराच्या प्रकरणात न्यायालयाने एका वाक्यात विषय संपवला: खासगी भांडवल थोडं जरी असलं तरी सवलत नाही. तिथे खासगी हिस्सा चोवीस टक्क्यांच्या वर आणि पंचवीसच्या आत होता. ज्यांनी वीस-वीस वर्षांचे भागीदारी करार करून ठेवले होते त्यांनी काय करायचं? भागीदाराला पैसे देऊन बाहेर काढा, नाहीतर स्वतःच्याच कंपनीसमोर निविदा मांडा. हा खर्च कोणी केला? कचऱ्याचं बिल भरणाऱ्या घरांनी.

मग हॅम्बुर्ग आलं. शहराने कचरा जाळण्याच्या नव्या प्रकल्पातली वर्षाला १,२०,००० टन क्षमता शेजारच्या चार जिल्ह्यांसाठी राखून ठेवली. करार १९९५ चा, वीस वर्षांचा. सगळे सरकारी, खासगी कोणीच नाही. तरी युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या कार्यकारी संस्थेने, जर्मनीला न्यायालयात खेचलं, कारण टेकालमध्ये हे बसत नव्हतं: जिल्ह्यांचं हॅम्बुर्गच्या सफाई खात्यावर काहीच नियंत्रण नव्हतं. २००९ मध्ये न्यायालय म्हणालं, हे चालेल, सार्वजनिक संस्थांनी सार्वजनिक कामासाठी हातमिळवणी केली तर निविदा नको. चौदा वर्षं! त्या काळात आमच्या जिल्ह्याला शेजाऱ्याबरोबर असाच करार करायचा होता. वकिलाने दोन वेळा "थांबा" म्हणून सल्ला दिला आणि दोन्ही वेळा त्याचं बिल आलं. शेवटी आम्ही कचरा दीडशे किलोमीटरवर पाठवत राहिलो.

संसद कायदा करते तेव्हा नगरपालिकांना विचारते, कामगार संघटनांना विचारते, संक्रमणाची मुदत देते. न्यायालयापुढे असतात दोन पक्ष आणि त्यांची एक फाइल. त्या फाइलीवरून सत्तावीस देशांचा नियम ठरतो, आणि तोही "कायद्याचा अर्थ पहिल्यापासून असाच होता" असं म्हणून, म्हणजे मागच्या करारांनाही लागू.

आणि एवढं सगळं करून स्पर्धा वाढली का? युरोपीय लेखापरीक्षकांचा, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेचा, २०२३ चा अहवाल पाहा. २०११ मध्ये साडेतेवीस टक्के निविदांना एकच निविदाकार यायचा. २०२१ मध्ये तो आकडा ४१.८ टक्के झाला. एका निविदेला सरासरी ५.७ निविदाकार होते, ते ३.२ वर आले. नियमांचं जंगल इतकं दाट झालं की लहान ठेकेदार फिरकतच नाही.

रानजाई

गोदाकाठ, तुमचा दीडशे किलोमीटरचा मुद्दा मनाला लागला. तो मी झटकत नाही.

पण आकड्यांचा दोष न्यायालयाच्या माथी मारू नका. त्याच दशकात २०१४ चे नवे निर्देश आले, ते संसदेचे, आणि त्यांनी नियम सोपे करायचं वचन दिलं होतं. लेखापरीक्षकांचा मुख्य रोख त्या सुधारणेवरच आहे. आणि हॅम्बुर्गची चौदा वर्षं न्यायालयाने खाल्ली नाहीत. करार १९९५ चा आणि खटला दाखल झाला २००६ मध्ये, तोही आयोगाने. न्यायालयाने तीन वर्षांत तुमच्या बाजूने निकाल दिला!

गोदाकाठ

माझ्या बाजूने दिला, मान्य. पण कुठल्या कायद्याच्या आधारावर? निर्देशात तसं काही नव्हतं, म्हणून नवा अपवाद घडवला. उद्या तोच अपवाद घट्ट करायचा ठरवला तर मी कुठे मत द्यायला जाऊ? मला उत्तर कुठल्या बाजूने आलं याचं दुःख नाही. ते कधी आणि कुठून येईल याचा भरवसा नव्हता, हे दुःख आहे.

तिसरी_पाळी

इथे अजून कोणी मजुरांचं नाव काढलेलं नाही म्हणून लिहिते. माझे वडील इचलकरंजीत मागावर होते, मी आता हॅनोव्हरजवळ राहते आणि बांधकाम मजुरांच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या एका सल्ला केंद्रात काम करते. बहुतेक जण पोलंड, रोमानिया, बल्गेरियाचे.

लोअर सॅक्सनी राज्याने २००३ मध्ये ग्योटिंगनजवळच्या रोसडॉर्फला तुरुंग बांधायला काढला. राज्याच्या कायद्यानुसार सरकारी कामाच्या ठेकेदाराने तिथल्या सामूहिक करारात, म्हणजे कामगार संघटना आणि मालकांमधल्या करारात, ठरलेली मजुरी द्यायची, पोटठेकेदारालाही द्यायला लावायची. मुख्य ठेकेदाराने लिहून दिलं. पोटठेकेदार पोलंडचा होता. त्याने ५३ मजुरांना ठरलेल्या मजुरीच्या ४६.५७ टक्केच दिले. निम्म्याहून कमी! राज्य आणि मुख्य ठेकेदार दोघांनीही करार मोडला आणि राज्याने दंड मागितला. २००८ मध्ये न्यायालयाने काय म्हटलं? राज्याचा कायदाच चुकीचा. दुसऱ्या देशातल्या कंपनीला इथे सेवा देण्याच्या स्वातंत्र्यात त्याने अडथळा येतो. या निकालाला रुफर्ट म्हणतात.

रानजाईताई, तुम्ही म्हणता पोळलेल्यालाच कळतं. या खटल्यात पोळलेले ते ५३ जण होते. ते न्यायालयात पक्षकार नव्हतेच. पक्षकार होते दिवाळखोर झालेल्या ठेकेदाराचा कारभार बघणारा वकील आणि राज्य सरकार. तुमच्या पद्धतीत दार ठोठावता येतं ते फक्त निविदा भरणाऱ्याला. वाळू उपसणाऱ्याला, लोखंड बांधणाऱ्याला त्या दारापर्यंत रस्ताच नाही. मग जो कायदा घडतो तो निविदा भरणाऱ्यांच्याच सोयीचा घडणार ना?

आणि या निकालाचे पडसाद नुसते त्या तुरुंगापुरते राहिले नाहीत. जर्मनीच्या इतर राज्यांतही असेच कायदे होते, ते लागू करणं थांबलं.

पायरीवरचा

मी वकिली करतो, निविदांच्या वादातच. तिसरी_पाळी यांची चीड योग्य आहे. पण रुफर्टमध्ये न्यायालयाने "मजुरी ठरवू नका" असं म्हटलं नव्हतं, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

परदेशी कंपनीने पाठवलेल्या कामगारांसाठी वेगळा निर्देश होता, १९९६ चा. त्यात लिहिलं होतं की यजमान देश किमान मजुरी लावू शकतो, पण ती कायद्याने ठरलेली असावी किंवा त्या धंद्यातल्या सगळ्यांना लागू असल्याचं घोषित केलेल्या सामूहिक करारातली असावी. लोअर सॅक्सनीचा करार सगळ्यांना लागू नव्हता. त्याच गावात खासगी इमारत बांधणाऱ्याला तो दर बंधनकारक नव्हता, सरकारी इमारत बांधणाऱ्याला होता. न्यायालयाने नेमकं तिथे बोट ठेवलं: मजुराचं संरक्षण हाच हेतू असेल तर खासगी कामावरच्या मजुराला ते का नको?

पुढे काय झालं पाहा. डॉर्टमुंड शहराने कागदपत्रांचं डिजिटायझेशन करायला निविदा काढली आणि तासाला ८.६२ युरोची अट घातली. एका निविदाकाराचं काम पूर्णपणे पोलंडमधल्या पोटठेकेदाराकडे होणार होतं. २०१४ मध्ये न्यायालय म्हणालं, जो मजूर जर्मनीत पाऊलही टाकणार नाही त्याला जर्मनीच्या राहणीमानाचा दर लावणं बरोबर नाही. मग २०१५ मध्ये लांडाऊ शहराच्या टपालसेवेचं प्रकरण आलं, रेगिओपोस्ट. ऱ्हाइनलँड-पॅलॅटिनेटच्या कायद्यात ८.७० युरोची अट होती, कायद्यात थेट लिहिलेली. एका निविदाकाराने ती द्यायची हमी लिहून दिली नाही, स्मरण करून दिल्यावरही नाही, म्हणून शहराने त्याला बाद केलं. न्यायालय म्हणालं, शहराचं बरोबर आहे.

तीन निकाल एकापुढे एक ठेवले की रेषा दिसते. न्यायालय हळूहळू शिकतं. एका निकालावरून त्याला कामगारविरोधी ठरवणं मला घाईचं वाटतं.

तिसरी_पाळी

रेषा तुम्हाला कार्यालयात बसून दिसते. २००८ ते २०१५ ही सात वर्षं आहेत. बांधकामावरच्या माणसाच्या कष्टाच्या आयुष्यातला पाचवा-सहावा हिस्सा. न्यायालय शिकत होतं तेव्हा फी कोण भरत होतं?

शिवाय खासगी कामावरच्या मजुराला संरक्षण नाही म्हणून सरकारी कामावरच्याचंही काढून घ्या, हा कुठला न्याय? सरकार स्वतःच्या पैशाने काम करवून घेतं तेव्हा तरी चांगला मालक असावं, एवढंच लोअर सॅक्सनी म्हणत होतं. पाठवलेल्या कामगारांचा निर्देश शेवटी २०१८ मध्ये बदलला आणि नुसत्या किमान दराऐवजी पूर्ण मोबदल्याची भाषा त्यात आली. तो बदल कोणी केला? संसदेने आणि सरकारांनी, संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर. गोदाकाठ म्हणतात तेच मीही म्हणते, कारण वेगळं असलं तरी.

ओव्हरसियरआबा

मंडळी, मी साताऱ्याचा, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. युरोपातलं मला काही माहीत नाही, पण वाचताना आमचंच चाललंय असं वाटत होतं म्हणून दोन प्रश्न विचारतो.

एक. आमच्या निविदेत साहित्याच्या वर्णनात एखाद्या कंपनीचं नाव आलं की पुढे "किंवा समतुल्य" असं लिहायचोच. वरिष्ठ सांगायचे, लिहा, नाहीतर ऑडिटला सापडाल. हे कुठून आलं कधी कळलं नाही. तिकडेही असतं का?

दोन. आमच्याकडे एल-वन म्हणजे सगळ्यांत कमी दराचा. कधीकधी अंदाजपत्रकाच्या इतकं खाली भरतात की काम अर्धवट सोडून पळणार हे दिसत असतं. मग जादा सुरक्षा ठेव घेतो. तिकडे काय करतात?

आणि एक मत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये टाटा सेल्युलरच्या खटल्यात सांगितलं की निविदेचा निर्णय कसा घेतला एवढंच न्यायालय पाहील, निर्णयावर अपील ऐकत बसणार नाही. न्यायालय हात आखडता घेतं, आणि तरी एका रिटने पुलाचं काम दोन पावसाळे पुढे गेलेलं मी पाहिलंय. लोक नदीतून जात होते. म्हणून गोदाकाठ यांचं दुखणं मला कळतं. पण ज्या टेंडरला कोणी आव्हान देऊच शकत नाही असं माहीत असतं, त्यात काय काय शिरतं तेही मी पाहिलंय. मी रानजाईच्या बाजूला थोडा जास्त आहे.

रानजाई

आबा, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देताना मला फार आनंद होतोय, कारण दोन्हींच्या मागे निकालच आहेत.

"किंवा समतुल्य" साठी आयर्लंडमधल्या डंडॉक गावी जावं लागेल. तिथल्या पाणीपुरवठा योजनेत अट होती की ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप आयरिश मानक क्रमांक १८८ चेच हवेत. ते प्रमाणपत्र असलेला कारखाना एकच होता, आयर्लंडचाच. एका ठेकेदाराने स्पेनचे पाइप देऊ केले. ते आंतरराष्ट्रीय मानकाला धरून होते, पण अभियंत्याने ते पाइप तपासायलाही नकार दिला. १९८८ मध्ये न्यायालय म्हणालं, मानकापुढे "किंवा समतुल्य" असे शब्द घातले असते तर स्पेनचा पाइप चालतो का हे पाहावं लागलं असतं. ते न घालता तुम्ही दारच बंद केलंत. न्यायालयाने गाजावाजा न करता एका लहान गावच्या पाण्याच्या पाइपवरून सांगितलेली ही गोष्ट आहे. आज ते शब्द निर्देशात आहेत. तुमच्याकडे ते कोणत्या वाटेने आले ते मला सांगता येणार नाही, पण कारण एकच असावं.

एल-वनचं उत्तर मिलानच्या फुटबॉल स्टेडियममध्ये आहे. १९९० च्या विश्वचषकासाठी त्याची दुरुस्ती काढली होती. इटलीचा नियम असा की सरासरीपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त खाली गेलेली निविदा आपोआप बाद. कोस्टान्झो नावाची कंपनी अशी बाद झाली. १९८९ मध्ये न्यायालय म्हणालं, आपोआप नाही. आधी विचारा की हा दर कसा परवडतो, त्याचं म्हणणं ऐका, मग पटलं नाही तर काढा. त्याच निकालात आणखी एक मोठी गोष्ट होती: देशाचा कायदा युरोपच्या नियमाविरुद्ध असेल तर नगरपालिकेनेही तो बाजूला ठेवायचा, न्यायालयाची वाट न पाहता. गोदाकाठ यांना हा भाग नक्कीच जड जाईल.

आता तिसरी_पाळी. मी दोन दिवस तुमच्या प्रतिसादावर विचार करत होते. ५३ जणांचा मुद्दा मला खोडता येत नाही. मी "पोळलेला" म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझ्यासारखी, निविदा विभागात बसणारी माणसंच होती. रुफर्टमध्ये न्यायालयाने चूक केली असं मी आता म्हणते. पायरीवरचा म्हणतात तशी तांत्रिक कारणं होती, पण निम्म्याहून कमी मजुरी समोर असताना "सेवा देण्याचं स्वातंत्र्य" तराजूत जड ठरावं, हे मला पटत नाही.

पायरीवरचा

रुफर्टवर आपण वेगळे राहू. पण दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून देताहेत. "संसदेने करावं" आणि "न्यायालयाने करावं" ही निवड खरी नाही. २०१४ च्या निर्देशाचं बारावं कलम उघडा. टेकाल, हाले, हॅम्बुर्ग तिन्ही तिथे आहेत, आणि संसदेने त्यात आपलं मतही घातलं: "बहुतेक काम" म्हणजे किती हे न्यायालयाने आकड्यात बांधलं नव्हतं, कलमाने ऐंशी टक्क्यांहून जास्त असं ठरवलं. बहात्तरावं कलम पाहा. करार चालू असताना त्यात किती बदल केला की नवी निविदा काढावी लागते? ही कसोटी २००८ च्या ऑस्ट्रियाच्या वृत्तसंस्थेच्या प्रकरणातली, आणि त्यावर टक्केवारी संसदेची: लहान बदल सेवा आणि मालाला दहा टक्क्यांपर्यंत, बांधकामाला पंधरा.

कधीकधी संसदेने न्यायालयाला उलटही फिरवलं आहे. ग्रीसमधल्या अलेक्झांड्रुपोली नगरपालिकेने भूमापनाच्या कामात सल्लागार निवडताना अनुभवाला साठ टक्के, मनुष्यबळ आणि साधनांना वीस, वेळेत काम करण्याच्या क्षमतेला वीस असं वजन निविदा आल्यानंतर ठरवलं. न्यायालयाने २००८ मध्ये ते खोडलं. आणि नुसतं नंतर ठरवल्याबद्दल खोडलं असतं तर ठीक, पण सोबत असंही म्हटलं की अनुभव हा निविदाकार पात्र आहे का ते पाहायला वापरा, निविदा चांगली आहे का ते ठरवायला नाही. वास्तुविशारद, अभियंता, सल्लागार घेताना माणसाच्या अनुभवाला गुण देता येत नाहीत, हे कोणालाही विचित्र वाटेल. सगळीकडे ओरड झाली. २०१४ च्या निर्देशाने दुरुस्ती केली: प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांच्या दर्जाचा परिणाम कामावर मोठा होत असेल तर त्याला गुण द्या.

गोदाकाठ

पायरीवरचा, अलेक्झांड्रुपोलीचं उदाहरण माझंच आहे, तुम्ही ते दिलंत याबद्दल आभार. २००८ ते २०१४ आम्ही सल्लागार निवडताना फक्त किंमत बघायचो, कारण बाकी कशालाही हात लावला की तक्रार. त्या काळात सगळ्यांत स्वस्त पडलेल्या एका सल्लागाराने आम्हाला कचरा डेपोच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा करून दिला होता. तो दोनदा उपसून पुन्हा करावा लागला.

पण आता मी रानजाईताईंच्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण न्यायालयाने अलीकडे तोच मुद्दा मोडला आहे आणि इथे कोणी त्याचा उल्लेख केला नाही. क्रोएशियात रेल्वेमार्गाच्या कामाची निविदा होती. तुर्कस्तानची कोलिन नावाची कंपनी हरली. तिचं म्हणणं, जिंकणाऱ्याला मुदतीनंतर कागदपत्रं जोडू दिली. क्रोएशियाच्या न्यायालयाने लक्झेंबर्गला एवढंच विचारलं की अशी कागदपत्रं मागता येतात का. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तर आलं ते भलतंच: ज्या देशाचा युरोपशी सरकारी खरेदी खुली करण्याचा करार नाही, त्या देशाच्या कंपनीला समान वागणुकीचा हक्क मागताच येत नाही. मूळ प्रश्न तसाच राहिला. मार्च २०२५ मध्ये रुमानियातल्या रेल्वेगाड्यांच्या निविदेत चिनी कंपनीबाबतही न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

ताई, तुमचा सगळा डोलारा हरलेल्याच्या तक्रारीवर उभा आहे. आता न्यायालयच म्हणतंय की काही हरलेल्यांना या नियमांखाली तक्रार करायची सोयच नाही. परकीय व्यापाराचं एवढं मोठं धोरण कागदपत्रांच्या भांडणात ठरावं?

ओव्हरसियरआबा

आपल्या कंपन्यांना पण हे लागू?

पायरीवरचा

आबा, तत्त्व तेच. भारत जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराचा सदस्य नाही, निरीक्षक आहे. ज्या देशाला कुठल्याच कराराने ही खात्री मिळालेली नाही, त्याच्या कंपनीला निविदा भरू द्यायची का, आणि भरू दिली तर गुण कसे द्यायचे, हे युरोपच्या स्तरावर नियम होईपर्यंत त्या त्या कार्यालयाने ठरवायचं. मात्र युरोपात नोंदवलेली उपकंपनी असेल तर गोष्ट वेगळी. तिला युरोपीय कंपनी म्हणूनच पाहतात.

गोदाकाठ, एक दुरुस्ती. हक्क काढला असं म्हणण्यापेक्षा न्यायालय म्हणालं की हा हक्क द्यायचा की नाही हे फक्त युरोपीय संघाने ठरवायचं, सदस्य देशांनी परस्पर नाही. म्हणजे चेंडू तुमच्याच आवडत्या संसदेकडे टोलवला आहे.

रानजाई

गोदाकाठ, कोलिनवर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तो निकाल वाचला तेव्हा मलाही अस्वस्थ वाटलं. आमच्या एका निविदेत पोटठेकेदार भारतातला होता. चांगली कंपनी, पुलांच्या आरेखनाचं काम करणारी. निकालानंतर आमच्या कायदा विभागाने पहिला प्रश्न विचारला की तिचं नाव कागदावर ठेवायचं का. मी ठेवलं. आरेखनाचं काम तिनेच केलंय, मग नाव का पुसायचं? आम्ही ती निविदा हरलो, कारण किंमत जास्त होती, नावाचा संबंध नव्हता.

पण एक सांगते. हरल्याचं पत्र आलं तेव्हा त्यात आमचे गुण होते, जिंकणाऱ्याचे गुण होते, कुठे किती कमी पडलो त्याची कारणं होती. मी त्या दहा दिवसांत बसून ते तपासलं, भारतातल्या त्या अभियंत्याला फोन करून आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "ताई, गुणांकन बरोबर आहे, आपण खांबांमधलं अंतर जास्त घ्यायला हवं होतं." तक्रार केली नाही. पुढच्या निविदेत अंतर वाढवलंय. ती आता मूल्यमापनात आहे.

तिसरी_पाळी

ते काम मिळालं तर तिथल्या पोटठेकेदाराची मजुरीची कागदपत्रं बघाल का? तुमच्या विभागाला मागता येतात ती.

रानजाई

बघेन. मसुद्यात तशी अट टाकायला आजच सांगते.